पाठीवरची चूल

(हरिश्चंद्रगडावरील दोन मुक्कामांच्या शिबिराआधी, पूर्वतयारीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘स्वयंपाकाची साधने’ असे लिहिले आहे. ते वाचून दोघीतिघींनी मला विचारले, ‘अगं, चार दिवस घरातून सुटका म्हणून गडावर निघालोय, आणि तिथेही पहिला विषय चूलच का?’ प्रश्न रास्त आहे. पण डिसेंबरातल्या थंडीत, दिवसभर चढून गेल्यावर दहाजणींना रात्री गरम काहीतरी लागणार. पहाटे चहा लागणार. म्हणजे चूल बरोबर येणारच. ती कुठली, किती वजनाची, कुणी निवडलेली आणि कुणाच्या पाठीवर, एवढेच ठरवायचे आहे. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी स्टोव्ह असो की शेगडी, ती दुसऱ्याच कुणीतरी आणलेली असते. नवऱ्याने, सासऱ्यांनी, नाहीतर लग्नात आहेर म्हणून आलेली. तिच्यासमोर रोज तीन-चार तास उभे राहणारी बाई दुकानात गेलेलीच नसते. या वेळी निवड आपल्या हातात आहे, तेव्हा ती नीट हिशेबाने करू.

आधी भीतीबद्दल बोलते, कारण मागच्या बैठकीत तो विषय निघाला आणि कुणी पुढे बोलेना.

स्टोव्ह हा आपल्या चळवळीत साधा शब्द नाही. ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर दोन ओळींची बातमी असायची, ‘स्टोव्हच्या भडक्याने विवाहिता भाजली’. या बातम्यांच्या मागे काय आहे ते विचारत बायका रस्त्यावर आल्या, त्यांच्या रेट्याने १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४ब. (जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेतल्या ८५-८६ आणि ८० या कलमांनी घेतली आहे. कार्यकर्त्यांनी नवे आकडे पाठ करून ठेवावेत, पोलीस ठाण्यात उपयोगी पडतात.) समाजकार्याचे शिक्षण घेताना मी एका सरकारी रुग्णालयाच्या जळित वॉर्डात काम केले. तेव्हा ज्येष्ठ कार्यकर्त्या आम्हाला सांगत, घरी चौकशीला गेलात तर माणसांशी बोलण्याआधी स्टोव्ह पाहा. टाकी फाटली आहे का? बर्नर जागेवर आहे का? स्टोव्हवर भांडे होते का, त्यात काय शिजत होते? बाई पदरापासून वर भाजली आहे, की डोक्यावरून खाली?

हे प्रश्न विचारायचे तर स्टोव्ह कसा चालतो हे कळायला हवे. म्हणून मी तो शिकले. पंपाचा स्टोव्ह, ज्याला आपल्याकडे जुन्या बायका प्रायमस म्हणतात, तो १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने बनवला. त्याला वात नसते. टाकीत पंपाने हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढते. काकड्याने बर्नर आधी तापवलेला असतो, त्यामुळे तिथे रॉकेलची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून निळी जळते. छिद्र तुंबले की पिन मारायची. छिद्र तुंबलेले असताना पंप मारत राहिलात, किंवा जळत्या स्टोव्हचे झाकण उघडून रॉकेल ओतलेत, तर भडका उडतो. हे सगळे खरे आहे. पण हाच स्टोव्ह १९११ साली आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९५३ साली तेनसिंग व हिलरी यांच्या मोहिमेत एव्हरेस्टवर होता. असे यंत्र स्वयंपाकघरात आल्यावर नेमके सुनांच्याच अंगावर कसे फुटते, हा प्रश्न आपल्या आधीच्या बायकांनी विचारला होता.

आपल्यातल्या दोघीजणी पेटत्या बर्नरजवळ बसायला तयार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्या घरात काय घडले तेही आपल्याला माहीत आहे. त्यांना ‘घाबरू नकोस’ असे कुणी म्हणू नये. त्यांनी हवे तर पाणी आणावे, तंबू बांधावा. पण शिकायची इच्छा झाली तर शिकवणारी बाजूला हवी, आणि शिकवताना घाई नको.

आता निवडीकडे येऊ.

सर्वांत स्वस्त वाटतात ते तीन दगड. गडावर पोचायचे, काटक्या गोळा करायच्या, शेकोटीची शेकोटी आणि चुलीची चूल. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. हरिश्चंद्रगड १९८६ पासून अभयारण्याच्या हद्दीत येतो आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३०व्या कलमाने अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला बंदी आहे. डिसेंबरपासून सह्याद्रीतले गवत वाळून कोळ झालेले असते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमण करणारे गेले, त्यांत मोठ्या संख्येने तरुण मुली होत्या. वाळल्या गवतातली आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने चढ चढते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या काटक्या कुणाच्या? पायथ्याच्या वाड्यांतल्या महादेव कोळी, ठाकर बायका मोळी डोक्यावर घेऊन तासभर उतरतात. आपण वरच्या वर जाळलेली प्रत्येक काटकी तिच्या मोळीतून कमी होते आणि तिचा फेरा लांबवते. स्त्रीवादी शिबिराची शेकोटी त्यावर पेटायला नको.

पंपाचा स्टोव्ह वजनामुळे बाद. पितळी टाकी रॉकेलने भरल्यावर दोन किलोच्या घरात जाते, वरच्या रॉकेलचे वजन वेगळे. शिवाय सॅकमध्ये एक थेंब गळला तरी पिठाला, पोह्यांना, कपड्यांना वास. आणि रेशनवरचे निळे रॉकेल आता बहुतेक गावांत दिसतही नाही. वातीचा स्टोव्ह तर वाऱ्यात टिकतच नाही आणि आडवा झाला की रॉकेल सांडते. हिमालयात बर्फात राहणाऱ्या मोहिमा द्रवइंधनाचे स्टोव्ह अजून वापरतात, त्याचे कारण पुढे सांगते. सह्याद्रीत त्यांची गरज नाही.

स्पिरिटची चूल अगदी हलकी. थंड पेयाचे दोन डबे कापून घरी करता येते आणि मुठीत मावते. मला स्वतःला ती फार आवडते, एकटी फिरायला गेले तर चहापुरती तीच नेते. पण दहाजणींसाठी नाही. एक तर स्पिरिटमध्ये उष्णता कमी, त्याच कामाला वजनाने रॉकेलच्या दीडपटीहून जास्त लागते, म्हणजे चुलीत वाचवलेले वजन बाटलीत परत येते. दुसरे जास्त गंभीर आहे. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली असे समजून बाई वरून स्पिरिट ओतते आणि ज्योत धारेवरून बाटलीत चढते. चूल पूर्ण थंड होऊन हाताला गार लागेपर्यंत पुन्हा भरायची नाही, हा नियम दहाजणींच्या गडबडीत पाळला जाईल असा मला भरवसा नाही.

राहिला गॅस. घरातली पाच किलोची टाकी न्यावी असे एकीने सुचवले होते. तिच्यात गॅसपेक्षा लोखंडाचे वजन जास्त, ती सोडून देऊ. गिर्यारोहकांचे छोटे कॅनिस्टर मिळतात, आत २३० ग्रॅम गॅस, डब्यासकट सुमारे ३८० ग्रॅम. ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे ते मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वाफ व्हायचे थांबते, म्हणून बर्फात गॅस रुसतो आणि तिथे द्रवइंधन नेतात. आपल्याकडे डिसेंबरात गडावर थंडी असली तरी तेवढी नसते. पहाटे ज्योत मंद वाटली तर कॅनिस्टर रात्री पांघरुणात ठेवावा. जाळावर धरून तापवणे हा वेडेपणा आहे, आणि मी तो लोकांना करताना पाहिले आहे.

बर्नर दोन तऱ्हेचे असतात. एक थेट कॅनिस्टरच्या डोक्यावर आट्यांनी बसतो. तो शंभर ग्रॅमच्या आसपास, दुकानदार तोच पुढे करतो, कारण वजनाचा आकडा छान दिसतो. दोघींसाठी ठीक. पण त्याच्यावर चार लिटरचे खिचडीचे पातेले ठेवा, मग बघा कसे डुगडुगते ते. आपल्याला दुसरा हवा, तीन-चार पाय पसरून जमिनीलगत बसणारा आणि कॅनिस्टरला नळीने जोडलेला. वजन दोन-अडीचशे ग्रॅमने वाढते. पण पातेले कलंडत नाही, आणि वारा अडवायला भोवती पत्र्याचा आडोसा लावता येतो. पहिल्या तऱ्हेच्या बर्नरला चहूबाजूंनी आडोसा कधीही लावायचा नाही, खालचा कॅनिस्टर तापून फुटू शकतो. उलाढाल्या उकळत्या खिचडीने भाजलेला पाय घेऊन कोंकणकड्यापासून पाचनईला उतरणे काय असते, याची कल्पना करा आणि मग वजनाच्या त्या दोनशे ग्रॅमबद्दल बोला.

दुकानात जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बर्नरच्या आट्या आणि कॅनिस्टरच्या आट्या जुळल्या पाहिजेत. लांबट, स्प्रेसारख्या डब्याची जोडणी वेगळी असते. आणि रिकाम्या कॅनिस्टरमध्ये घरगुती गॅस भरून स्वस्तात विकतात, ते घ्यायचे नाहीत. घरगुती गॅसचा दाब वेगळा, तो डबा त्यासाठी बनवलेला नसतो. माझ्याबरोबर सामान उचलायला एक मित्र आला होता, तर विक्रेता सगळी उत्तरे त्यालाच देत होता. प्रश्न मी विचारत होते. अशा वेळी जुन्को ताबेई आठवते. १९७५ साली एव्हरेस्ट चढणारी ही पहिली बाई. तिने १९६९ मध्ये जपानमध्ये फक्त बायकांचा गिर्यारोहण गट काढला. त्यांना पैसे मागायला गेल्यावर ‘घरी बसून मुले सांभाळा’ असे ऐकावे लागले होते. त्यांनी मोटारीच्या सीटवरचे जुने कव्हर कापून पावसाळी पिशव्या आणि हातमोज्यांची वरची आवरणे शिवली. सामानाची अक्कल दुकानदाराकडे असते असे समजायचे कारण नाही.

आता रेल्वेचे. नाशिक आणि कोकणातून येणाऱ्यांनी हे नीट ऐका. रेल्वेत कॅनिस्टर, रॉकेल, स्पिरिट काहीही आणायचे नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षा मदुराई लक्षात ठेवा. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, तिथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, नऊजण गेले. ‘लहानसा तर डबा, सॅकच्या तळाशी आहे, कुणाला दिसतोय’ हा युक्तिवाद नको. एस.टी.तही तोच नियम पाळू. आपली जीप पुण्याहून निघते, सगळे इंधन तिच्यातून येईल.

भांड्यांबद्दल मात्र आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, तरी आपल्या घरचे ज्ञान इथे उलटे वापरावे लागते. घरात आपण जाड बुडाचे पातेले चांगले मानतो. पाठीवर जाड बूड म्हणजे दंड. स्टील मजबूत खरे, पण त्याच मापाच्या जर्मनच्या पातेल्यापुढे तराजूवर जवळजवळ दुप्पट भरते, आणि उष्णता पसरवत नाही, मधोमध करपते. टायटॅनियमची भांडी आता मिळतात, हलकी आणि फार महाग. त्यांत पाणी उकळावे, शेवया कराव्यात. खिचडी केलीत तर ज्योतीखाली गोल काळा डाग आणि कडेला कच्चा तांदूळ. आपल्यासाठी साधे जर्मनचे, चार आणि साडेतीन लिटरचे, एकात एक बसणारे, कडी नसलेले, दोन्हींना झाकण. उचलायला एक सांडशी. पहिल्या बाजारात जाऊन घ्यायचे असेल तर थोडे जाडसर, काळसर मुलामा दिलेले ॲल्युमिनियम घ्या. ते आंबटाला दाद देत नाही. साध्या जर्मनमध्ये चिंच, आमसूल घालून ठेवायचे नाही, आमसूल ताटलीत घ्या.

कुकर नको. दोन किलोचे ते धूड कुणी वाहायचे? पण हे म्हणताना हेही सांगितले पाहिजे, की गड सुमारे १४०० मीटर उंच आहे आणि तिथे पाणी शंभराऐवजी पंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. तूरडाळ बोटचेपी व्हायला जीव जाईल. म्हणून डाळ मुगाची. तांदूळ आणि डाळ तासभर आधी भिजवायची, पाच-सात मिनिटे खळखळ उकळू द्यायची, मग झाकण घट्ट लावून पातेले वर्तमानपत्रात आणि गोधडीत गुंडाळून अर्धा तास ठेवून द्यायचे. दही लावताना आपण करतो तेच. निम्मा गॅस वाचतो, आणि तेवढ्या वेळात गप्पा होतात. दुपारचे जेवण मुळी शिजवायचेच नाही. दशम्या, धपाटे, मेतकूट, दडपे पोहे, सातूचे पीठ, हे सगळे बिनचुलीचे अन्न आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच काढले आहे.

हिशेब सांगते. झाकण ठेवून आणि वारा अडवून एक लिटर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. दोन दिवसांचे पाच चहा, दोन रात्रीची खिचडी, दोन सकाळचा उपमा, मिळून पाचशे ग्रॅमच्या आत. दोन कॅनिस्टर जवळजवळ पुरतात, तिसरा वाऱ्यासाठी आणि उशिरा येणाऱ्यांच्या चहासाठी. दोन बर्नर, तीन कॅनिस्टर, दोन पातेली, सांडशी, पळी, लायटर धरून सव्वातीन ते साडेतीन किलो. दहाजणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतीनशे ग्रॅम. वाटले तर. मी अशी शिबिरे पाहिली आहेत, जिथे स्वयंपाकाचे सामान ‘स्वयंपाक करणारीच्या’ सॅकमध्ये गेले आणि उरलेल्या नऊजणी रिकाम्या खांद्यांनी चढल्या.

आणि इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. शिबिरात दिवसभर समतेवर सत्रे होतात आणि संध्याकाळी भांडी त्याच तिघी घासतात. त्या तिघी कुठल्या वस्तीतून आलेल्या असतात, हेही आपल्याला ठाऊक असते. कुणी त्यांना सांगत नाही. त्या उठतात आणि आपण उठू देतो. ‘तिच्या हाताला चव आहे’ हे कौतुकही तसेच, तिला पातेल्याजवळ खिळवून ठेवायचा गोड मार्ग. म्हणून या वेळी पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतील. पेटवणे, शिजवणे, घासणे, पाणी आणणे, चारही कामांच्या वेगळ्या चिठ्ठ्या. जिच्या हाताला चव आहे तिचे नाव पहिल्या रात्रीच्या शिजवण्याच्या चिठ्ठीत नसेल. खिचडी बिघडली तर बिघडलेली खाऊ. घासायचे पाणी मंदिराजवळच्या पुष्करणीपासून लांब नेऊन टाकायचे, साबण नाही, रिकामे कॅनिस्टर खाली परत आणायचे.

पाचनईत आणि गडावर पिठलं-भाकरी मिळते, मग हा खटाटोप कशाला, असेही कुणी म्हणेल. पहिल्या दिवशी दुपारी आपण पाचनईत जेवणार आहोत. पैसे घरातल्या पुरुषाकडे न देता भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातात द्यायचे आणि घासाघीस करायची नाही. पण दोन्ही रात्री तिला दहाजणींसाठी धुरात बसवून आपण कोंकणकड्यावर मुक्तीवर चर्चा करायची, हे मला पटत नाही. यावर आपल्यात मतभेद आहेत. तिचे उत्पन्न बुडते, असे आपल्यातल्या एकीचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. ते गावातल्या बायकांनाच विचारू.

शेवटचे, सगळ्यांनी पाठ करायचे. बर्नर तंबूत, गुहेच्या बंद कोपऱ्यात कधीही पेटवायचा नाही, कितीही थंडी वाजो. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. कॅनिस्टर उघड्यावर, दुसऱ्या ज्योतीपासून दूर जोडायचा. गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडीने नाही. ओढणी मागे बांधायची, पदर खोचायचा, नायलॉनचे कपडे घालून पेटवायला बसायचे नाही. आधी काडी किंवा लायटर, मग गॅस. बंद करताना चावी आधी, पातेले नंतर. वनखात्याचे त्या आठवड्याचे नियम काय आहेत, मुक्कामाची परवानगी कशी, हे विचारण्याचे काम दोघींनी घ्यावे.

आता बाहेर अंगणात चला. दोन्ही बर्नर मांडून ठेवले आहेत आणि एक बादली पाणी. प्रत्येकीने स्वतः जोडायचा, पेटवायचा, विझवायचा, सोडवायचा. चहा शेवटच्या जोडीने करायचा आहे, साखर माझ्या पिशवीत आहे.